पावसाळ्यात गार्बेटमार्गे माथेरान चढताना वाटाड्या घ्यावा का?

पावसाळ्यात माथेरानला पायी चढायचे तर गार्बेट पठारावरून जाणारी वाट बरी की पेब किल्ल्यावरून जाणारी, आणि ‘एवढ्याशा डोंगराला’ वाटाड्या लागतो का, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर लगेच देतो: गार्बेट. पेबच्या वाटेवर शिड्या आहेत, पावसात कातळ निसरडा होतो, सुट्टीच्या दिवशी शिड्यांपाशी खोळंबा होतो आणि किल्ल्यावरून माथेरानकडे येताना लोक सर्रास मिनी ट्रेनच्या रुळांवरून चालतात, जे मला मुळीच पसंत नाही.

दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र थोडक्यात देणे मला जमणार नाही, कारण ‘एवढासा डोंगर’ हे शब्द मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलेले आहेत.

2012 च्या ऑगस्टमध्ये दादा, त्याचे दोन मित्र आणि मी पहाटेच्या कर्जत लोकलने भिवपुरी रोडला उतरलो. डिकसळ गावात एका तरुणाने आपण होऊन विचारले की, वर धुके आहे, सोबत येऊ का. मी हो म्हणणार तेवढ्यात दादाने त्याला परत पाठवले. माथेरानला जायला माणूस लागत असेल तर ट्रेकिंग सोडून द्यावे, असे तो त्या तरुणासमोरच म्हणाला. आम्ही पाली-भूतवली धरणाच्या बाजूने चढायला लागलो. खालची वाट मळलेली आहे, तिथे कोणीही चुकत नाही, आणि त्यामुळेच माणसाला नको तितका विश्वास येतो.

पठारावर पोहोचलो आणि ढग खाली उतरले. दहा पावलांपुढचा माणूस दिसेना. ज्यांनी हे पठार फक्त छायाचित्रांत पाहिले आहे, त्यांना मी एवढेच सांगेन की तिथली खरी अडचण चढ ही नसून ढोरवाटा ही आहे. पावसाळाभर तिथे गुरे चरतात. त्यांच्या पायांनी पडलेल्या वाटा माणसांच्या वाटेइतक्याच ठसठशीत असतात आणि गवत संपले की त्याही संपतात; काही थेट कड्याच्या धारेवर. आम्हाला अक्षरशः चकवा लागला. एकाच दगडी बांधापाशी आम्ही तीनदा आलो. मोबाइलला रेंज नव्हती. शेवटी दादाने एका घळीतून खाली उतरायचे ठरवले, कारण पाणी खाली गावाकडेच जाणार, असा त्याचा हिशेब होता. पाणी गावाकडे जाते हे खरे, पण ते कड्यावरून उडी घेऊन जाते. मी उतरायला नकार दिला, त्याने मला भित्रा ठरवले, आणि आम्ही दोघे सख्खे भाऊ त्या पावसात एकमेकांवर ओरडत उभे राहिलो.

तेवढ्यात धुक्यातून इरले पांघरलेल्या एक मावशी आल्या. डोक्यावरच्या पाटीत कर्टुली होती आणि ती विकायला त्या माथेरानच्या बाजारात निघाल्या होत्या. आम्ही उभे होतो त्या वाटेकडे पाहून त्या म्हणाल्या, “ही गुरांची वाट हाय, भाऊ. माणसांची त्या अंगाला.” त्या पुढे आणि आम्ही चौघे मागे, असे सोंडेवरून, कारवीतून गार्बेट पॉइंटपर्यंत आलो. त्या ओझे घेऊन चालत होत्या, तरी आम्हाला धाप लागली की थांबत होत्या. वर पोहोचल्यावर मी पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत; म्हणून कर्टुली विकत घेतली.

घरच्या प्रत्येक कार्यात दादा ही हकिगत आजही सांगतो, पण त्याच्या हकिगतीत वाट तोच शोधतो आणि मावशी कुठेच नसतात. मी दर वेळी दुरुस्ती करतो आणि दर वेळी मलाच गप्प बसवले जाते. म्हणून इथे लिहून ठेवतो: वाट त्या मावशींनी दाखवली.

माथेरान ‘शोधले’ ते 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी, असे सर्वत्र छापलेले असते. 1907 मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी रेल्वे आणली, तीही कौतुकाचीच गोष्ट आहे. परंतु त्याआधीपासून धनगर, ठाकर आणि कातकरी या डोंगरात राहत होते, आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुट्या उभ्या असलेल्या या डोंगराच्या वाटा मुळात त्यांच्या पायांनी पडल्या आहेत. आजही खालच्या वाड्यांतली माणसे भाजी आणि दूध घेऊन याच वाटांनी वर येतात. त्यांच्यातल्या एखाद्याला मोबदला देऊन सोबत नेण्यात कमीपणा वाटावा, हे मला समजत नाही. माथा सुमारे 800 मीटर उंच आहे आणि भिवपुरीहून निघाल्यावर त्यातला बहुतेक चढ आपल्यालाच चढायचा असतो. याला एवढासा म्हणू नये.

तेव्हा वाटाड्या घ्या. डिकसळमध्ये किंवा वरच्या सागाचीवाडीत विचारलेत तर कोणी ना कोणी मिळते. पैसे निघण्यापूर्वी ठरवा आणि दुपारचे जेवण त्याच्याच घरी सांगा.

ऑक्टोबरनंतर आकाश स्वच्छ असताना, पूर्वी एकदा ही वाट केलेला माणूस बरोबर असेल, तर वाटाड्याशिवायही चालेल, हे मान्य करतो. उलट अतिवृष्टीचा इशारा असेल तर वाटाड्या असूनही जाऊ नका. 19 जुलै 2023 च्या रात्री याच परिसरातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथे तर डोंगर जन्मापासून ओळखणारी माणसे राहत होती. उतरताना पुन्हा गार्बेटने येऊ नका. पावसाळ्यात नेरळपर्यंतची मिनी ट्रेन बंद असते, म्हणून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत, म्हणजे गाड्या जिथवर येतात तिथपर्यंत, चालत या आणि तिथून टॅक्सीने नेरळ स्टेशन गाठा. अंधार पडायच्या आत दस्तुरीला पोहोचायचे असेल तर भिवपुरीहून सकाळी सातच्या आत चालायला लागा.