उत्तर: सही करण्याआधी ऑडिटरचा अहवाल उघडून वाच

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ डोक्यातून जाईना. दोन ऑफर हातात आहेत. एक शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत ‘फायनान्शियल अनालिस्ट’ची, दुसरी मध्यम आकाराच्या ऑडिट फर्ममध्ये ट्रेनीची. प्लेसमेंट ऑफिस म्हणतंय शुक्रवारपर्यंत सही करा, आणि तू विचारतोयस की कुणाचं नाव जास्त चालतं. तेरा वर्षांपूर्वी मी नेमकी याच जागी उभी होते. धाकट्या भावाच्या वयाचा असशील, म्हणून एकेरीत लिहिते.

सीव्ही कसा लिहावा, कंपनीचं संकेतस्थळ चाळून जावं, हे तुला कुणीही सांगेल. ते सोडून देते. आधी हेही सांगते की मी करिअर सल्लागार नाही. पहिली नोकरी सोडली तर काही वर्षं ऑडिट, मग एका कंपनीचा हिशेब विभाग, एवढंच माझं जग. गुंतवणूक बँका किंवा शेअर संशोधन यांतलं आतून काही ठाऊक नाही, त्याबद्दल माझं ऐकू नकोस.

मी तेव्हा कंपनीची ऑफर घेतली. ‘अनालिस्ट’ हा शब्द आवडला, कंपनी नोंदलेली होती, आणि ऑफिसने दिलेल्या एकपानी माहितीत ‘नामांकित समूह’ असं छापलं होतं. त्या कंपनीचा वार्षिक अहवाल दोन महिन्यांपूर्वीच तिच्या संकेतस्थळावर आला होता. मी तो उघडला. अध्यक्षांचं पत्र वाचलं, आलेख पाहिले, नफा दिसला, बंद केला. त्याच सत्रात मी परीक्षेत ‘गोइंग कन्सर्न’वर, म्हणजे कंपनी पुढे चालू राहील का या मुद्द्यावर, दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं आणि चांगले गुण मिळवले होते. ऑडिटरच्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर दोन परिच्छेद होते. कंपनीची वर्षभरात फेडायची देणी चालू मालमत्तेपेक्षा जास्त झाली आहेत, बँकांशी कर्जाच्या फेररचनेची बोलणी अपूर्ण आहेत, आणि त्यामुळे कंपनी पुढे चालू राहील का याबद्दल मोठी अनिश्चितता आहे. साध्या भाषेत, स्वच्छ अक्षरात. ते मी वाचले नोकरी लागल्यानंतर आठ महिन्यांनी.

सातव्या महिन्यात पगार वीस दिवस उशिरा आला, नवव्यात आलाच नाही. माझं ‘अनालिसिस’ म्हणजे पुरवठादारांचे फोन घेऊन मुदत मागणं. त्यातल्या काहींचे पैसे त्यांच्या स्वतःच्या कामगारांच्या पगाराला लागणार होते आणि ते मला ते सांगायचे. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. त्या फोनांचं ओझं अजून उतरलेलं नाही.

प्लेसमेंट ऑफिसबद्दल थोडं बोलू दे, कारण तू त्याच्यावर फार विसंबतोयस असं वाटतं. सही करण्याआधी मी विचारलं होतं की या कंपनीत मागच्या वर्षी गेलेल्या कुणाशी बोलता येईल का. उत्तर मिळालं, ‘अशी माहिती आम्ही देत नाही, जागा मर्यादित आहेत.’ सही झाल्यावर नियमाप्रमाणे बाकी सगळ्या कंपन्यांच्या यादीतून माझं नाव काढलं. पगार थांबल्यावर परत गेले तेव्हा समोरच्या व्यक्तीने रजिस्टर उघडून सांगितलं की आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही प्लेस्ड आहात, तुमची केस बंद झाली. किती मुलांना ऑफर मिळाली हे ते मोजत होते. सहा महिन्यांनी त्यातली किती टिकली, हे कुणीच मोजत नव्हतं. सगळी ऑफिसं अशी नसतात, काही ठिकाणी जीव तोडून काम करणारी माणसं मी नंतर पाहिली. पण तुला शुक्रवारची मुदत देणाऱ्याला तुझ्या पुढच्या तीन वर्षांची जबाबदारी घ्यायची नाहीये, हे लक्षात असू दे.

आता तुझ्या कंपनीबद्दल. वार्षिक अहवाल उतरवून घे आणि पहिल्या पानापासून वाचू नकोस. थेट ऑडिटरच्या अहवालावर जा. इथे एक गोष्ट शिकवताना नीट सांगितली जात नाही. ऑडिटरचं मत ‘क्लीन’ असलं, म्हणजे हिशेब योग्य आहेत असं त्याने म्हटलं, तरी गोइंग कन्सर्नचा इशारा त्याच अहवालात असू शकतो. माझ्या कंपनीबद्दलचं मत क्लीनच होतं. तेव्हा हा मजकूर ‘एम्फसिस ऑफ मॅटर’ (एखाद्या बाबीकडे लक्ष वेधणं) या मथळ्याखाली यायचा आणि नजरेतून निसटायचा. आंतरराष्ट्रीय ऑडिट मानकांप्रमाणे १५ डिसेंबर २०१६ रोजी किंवा त्यानंतर संपणाऱ्या वर्षांच्या अहवालांत त्याला ‘मटेरियल अनसर्टन्टी रिलेटेड टू गोइंग कन्सर्न’ असा स्वतंत्र मथळा द्यावा लागतो. त्यामुळे शोधायला एक मिनिट पुरतं. नोंदलेल्या कंपन्यांच्या अहवालात तेव्हापासून ‘की ऑडिट मॅटर्स’ही येतात. ऑडिटरला सर्वांत जास्त डोकं कुठे घालावं लागलं, हे तिथे कळतं.

मग कॅश फ्लो. तीन-चार वर्षं नफा दिसतोय पण धंद्यातून येणारी रोकड सतत उणे आहे आणि येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) विक्रीपेक्षा वेगाने वाढताहेत, तर तुझा पगार कुठल्या पैशातून येणार हा प्रश्न स्वतःला विचार. वेगाने वाढणाऱ्या चांगल्या कंपनीचीही रोकड एखाद-दोन वर्षं उणे असते, म्हणून एकाच आकड्यावर निकाल देऊ नकोस. टिपांमध्ये संबंधित पक्षांचे, म्हणजे मालक, संचालक किंवा त्यांच्याच दुसऱ्या कंपन्यांशी झालेले, व्यवहार बघ. पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून सही करणारा सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी) कितीदा बदलला आणि ऑडिटरने मुदतीआधी राजीनामा दिला का, तेही बघ. माझ्या मते सीएफओ वारंवार बदलणं हा सर्वांत बोलका इशारा आहे. हे मत आहे, नियम नाही. कंपनी अमेरिकेत नोंदलेली असेल तर एडगर या सरकारी संकेतस्थळावर तिचा ‘१०-के’ हा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. अहवाल वेळेवर देता येत नसेल तर कंपनीला तशी वेगळी सूचना द्यावी लागते, तीही तिथेच दिसते.

हे सगळं करूनही खात्री मिळत नाही. वायरकार्ड या जर्मन पेमेंट कंपनीच्या हिशेबांवर ऑडिटरच्या सह्या वर्षानुवर्षं होत होत्या आणि जून २०२० मध्ये ताळेबंदातले १.९ अब्ज युरो बहुधा अस्तित्वातच नाहीत, हे कंपनीलाच जाहीर करावं लागलं. बाहेरून कुणाला न दिसणारं तुलाही दिसणार नाही. पण माझ्या बाबतीत तर सगळं छापून समोर ठेवलेलं होतं.

ऑडिट फर्मचं वेगळं आहे. फर्मचा वार्षिक अहवाल बहुतेक वेळा हाती लागत नाही. नोंदलेल्या कंपन्यांचं ऑडिट करत असेल तर काही देशांत तिला पारदर्शकता अहवाल प्रसिद्ध करावा लागतो, आणि अमेरिकेत पीसीएओबी ही संस्था फर्मच्या तपासणीचे अहवाल छापते. नावाबद्दल विचारलंस म्हणून सांगते. २००१ पर्यंत ऑडिटमधली मोठी नावं पाच होती. एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी बुडाली आणि पुढच्याच वर्षी तिचं ऑडिट करणारी, त्या पाचांतली आर्थर अँडरसन जवळपास संपली. एन्रॉनची फाइल ज्यांनी कधी पाहिलीही नव्हती, अशा हजारोंना दुसरी जागा शोधावी लागली. उरलेल्या चार नावांतही प्रत्येक देशातली फर्म कायद्याने वेगळी असते. नाव एकच असलं तरी तुला शिकवणार ती त्या एका टीमची मॅनेजर. म्हणून मुलाखतीत विचार, ‘मी कुणाच्या हाताखाली असेन, आणि त्यांच्याशी दहा मिनिटं बोलता येईल का?’ या प्रश्नाने कुणी रागावलं, तर तेही उत्तरच आहे.

कंपनीला चार पूर्णांक दोन तारे देणारी ऑनलाइन परीक्षणं तू पोस्टमध्ये दिलीस, त्यांवर मी फारशी जाणार नाही. त्याऐवजी लिंक्डइनवर त्या कंपनीत त्याच पदावर पूर्वी असलेली माणसं शोध. किती महिने टिकली आणि पुढे कुठे गेली, हे वहीत उतरव. दहा-बारा जणांत चित्र दिसतं. मग त्यातल्या दोघांना नम्रपणे लिही. वीस वर्षं मुरलेल्या साहेबांना नको, दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्यांना. आणि ‘काम कसं आहे’ असं मोघम विचारू नकोस. महिन्याच्या पहिल्या तारखेला काय करायचात, वीस तारखेला काय करायचात, हे विचार. ‘अनालिस्ट’ या शब्दाखाली बजेट आणि पुढचे अंदाज येतात, बिलांची नोंद येते, वसुलीही येते. तारखा विचारल्या की खरं काम बाहेर येतं.

एक बाजूची गोष्ट, तू सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची पात्रता) आणि एसीसीए (हिशेब-ऑडिटची पात्रता) दोन्हींचा उल्लेख केलास म्हणून. क्लासची फी भरण्याआधी अनुभवाच्या अटी वाच. सीएफएच्या चार्टरसाठी परीक्षांशिवाय किमान ३६ महिन्यांत मिळून ४,००० तासांचा संबंधित अनुभव लागतो. एसीसीएला ३६ महिने लागतात आणि तो अनुभव प्रमाणित करणारा वरिष्ठही लागतो. माझे ते नऊ महिने कुठेच धरता आले नाहीत, कारण सही करणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली होती आणि तिच्या जागी कुणी आलंच नाही. दोन्ही ठिकाणी हे आधीच विचारून घे, लेखी.

मला विचारशील तर मी आज डोळे मिटून ऑडिट फर्म घेईन. तीन वर्षांत पंधरा-वीस कंपन्या आतून दिसतात आणि पुढचा मालक निवडताना डोळा तयार झालेला असतो. पण तुझ्या घरची गरज मला माहीत नाही. कंपनीचा पगार जास्त असेल आणि तिचे हिशेब धड असतील, तर तिकडे जाण्यात काही गैर नाही.

शुक्रवारची मुदत वाढवून मागणारा मेल आजच पाठव, कंपनीच्या एचआरला थेट आणि ऑफिसला प्रत. चार दिवस माग, कारण लिही की वार्षिक अहवाल वाचतोय. अहवालाची लिंक इथे टाकलीस तर ऑडिटरचं पान मीही वाचून बघते, उद्या रात्रीपर्यंत.