वाऱ्याच्या साथीने सर्फस्कीतून खुला समुद्र पार करणे कोकणात शक्य आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, कर्लीच्या खाडीत कायाक चालवण्याचा सराव असलेल्या माणसाला हवाईतील मोलोकाई शर्यतीसारखे, वारा पाठीशी घेऊन खुला समुद्र पार करणे कोकणात जमेल का, आणि जमणार असेल तर सुरुवात कोठून करावी. मी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर सर्फस्की, म्हणजे खुल्या समुद्रात वल्हवायची लांब, अरुंद नाव, चालवतो आणि नव्या मंडळींना शिकवतो. त्या अनुभवावरून सांगतो की हे जमते. फक्त त्यासाठी मोलोकाईचा नमुना समोर ठेवू नये, पर्थचा ठेवावा.

मोलोकाई आणि ओआहू या बेटांमधील कैवी सामुद्रधुनी पार करण्याची ती शर्यत सुमारे 52 किलोमीटरची आहे. तेथे ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे रात्रंदिवस वाहतात आणि मोठ्या पल्ल्यावरून रचत आणलेल्या लाटा त्या चिंचोळ्या जागेत घुसतात. आपल्याकडे असा वारा नाही आणि तशी दोन बेटेही नाहीत. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थसमोरच्या रॉटनेस्ट बेटापासून सोरेंटोच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 27 किलोमीटरची शर्यत होते, तिची गोष्ट मात्र आपल्या ओळखीची आहे. तोही पश्चिमेला तोंड करून असलेला किनारा आहे, आणि तेथील लोक ज्याला लाडाने ‘डॉक्टर’ म्हणतात तो वारा म्हणजे दुपारी समुद्रावरून येणारा खारा वाराच होय. कोकणातही फाल्गुनापासून वैशाखापर्यंत सकाळचा मतलई वारा पडला, जमीन तापली, की दुपारकडे खारा वारा सुरू होतो आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे हळूहळू उजवीकडे वळत तिसऱ्या प्रहरी वायव्येचा होतो. दक्षिण गोलार्धात हेच वळण डावीकडे पडते, म्हणून पर्थचा वारा नैर्ऋत्येचा असतो. वेंगुर्ल्याच्या पश्चिमेला भर समुद्रात दीपगृह असलेली जी खडकाळ बेटे आहेत, तेथून वेंगुर्ल्याकडे निघाल्यास हा वायव्येचा वारा डाव्या खांद्यामागून मिळतो. आपल्या किनाऱ्यावर समुद्र पार करण्याच्या शर्यतीची खरी जागा मला तीच वाटते.

आता लाटांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण खाडीत शिकलेल्या माणसाला नेमके येथेच सगळे नवीन असते. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या आवर्तकाळावर ठरतो. ज्या लाटांचे माथे तीन-तीन सेकंदांनी येतात त्या ताशी सुमारे 17 किलोमीटर वेगाने धावतात, चार सेकंदांच्या लाटा सुमारे 22 किलोमीटरने, आणि दूरच्या वादळातून आलेले दहा सेकंदांच्या लाटांचा फुगवटा ताशी 56 किलोमीटरने खालून निघून जातो. सपाट पाण्यावर चांगला वल्हेकरी दीर्घ पल्ल्याला ताशी 11 ते 12 किलोमीटर राखतो. म्हणजे मोठ्या फुगवट्याच्या मागे लागून काही हाती येत नाही. स्थानिक वाऱ्याने उठवलेल्या लहान लाटांवरच स्वार व्हायचे असते, आणि त्यांनाही गाठण्यासाठी उतार व वल्हे या दोहोंचा नेमका मेळ घालावा लागतो. त्यातही एक गंमत अशी की खोल पाण्यात लाटांच्या समूहाची ऊर्जा एकेका लाटेच्या निम्म्या वेगाने पुढे सरकते. त्यामुळे आपण जिच्यावर बसलो आहोत ती लाट समूहाच्या पुढच्या टोकाला पोहोचून काही क्षणांत आपल्याखाली विरून जाते. ती विरण्याच्या आत पुढची हेरून ठेवलेली नसेल तर नाव जागेवर थबकते आणि सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

म्हणून नजर मागे वळवून लाट येते आहे का हे पाहू नये, असे मी पहिल्याच दिवशी सांगतो. लाट आली हे बैठकीला कळते: मागचा भाग उचलला जातो, नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, किंचित झुकते आणि नाळेपुढे पाण्यात एक खळगा उघडतो. त्या क्षणी तीन-चार जोरकस हात मारायचे, कंबरेतून वळून, पाय पायपट्टीवर दाबून. नाव सुटली की पाण्याचा सळसळाट एकदम वाढतो, आणि तेव्हा हात हलके करून पुढचा खळगा डावीकडे आहे की उजवीकडे हे पाहायचे. नाळ वर चढलेली असताना, म्हणजे समोरच्या लाटेच्या पाठीवर ती टेकलेली असताना, जोर लावणे हा शक्तीचा निव्वळ अपव्यय आहे. दक्षिण आफ्रिकेचे ऑस्कर चालुप्स्की यांनी मोलोकाई 12 वेळा जिंकली. पहिला विजय 1983 मधला आणि शेवटचा 2012 मधला, तेव्हा त्यांचे वय 49 होते. दंडातल्या बळावरच हा खेळ चालत असता तर ऐन तारुण्यातल्या खेळाडूंपुढे त्या वयात त्यांना हे साधले नसते.

नावेविषयी थोडक्यात. सर्फस्की सहा मीटरच्या आसपास लांब असते, वेगवान नमुने जेमतेम 45 सेंटिमीटर रुंद असतात, वल्हेकरी वरच्या उघड्या बैठकीत बसतो आणि तळाखालचे सुकाणू पायांनी वळवतो. नवशिक्याने रुंद आणि स्थिर नमुनाच घ्यावा. डुगडुगणाऱ्या नावेत सारे लक्ष तोल सावरण्यात जाते आणि समोरचा समुद्र दिसतच नाही.

सुरुवात पडण्यापासून करावी. तारकर्लीसमोर वारा असताना मुद्दाम उलटावे आणि पुन्हा चढावे: पलीकडची कड हाताने धरायची, पाय मारत शरीर पाण्याच्या पातळीवर आणायचे, पोट बैठकीवर ओढून घ्यायचे, कंबर फिरवून बसायचे आणि तोल सापडेपर्यंत दोन्ही पाय दोन बाजूंना पाण्यातच लोंबते ठेवायचे. नाव आणि पाय यांना जोडणारी दोरी बांधल्याशिवाय किनारा सोडूच नये, कारण रिकामी सर्फस्की वाऱ्यावर इतकी झरझर जाते की चांगल्या पोहणाऱ्यालाही ती गाठता येत नाही. दमलेल्या अवस्थेत, दोन्ही बाजूंनी, फुटत्या लाटांत हे सहज जमू लागले की आचऱ्याहून निघून मालवणच्या चिवला किनाऱ्यापर्यंत यावे. वारा पाठीशी राहतो आणि किनारा नजरेच्या टप्प्यात असतो. मात्र कातळकड्यांच्या टोकांपासून दूर राहावे, कारण कड्यावरून परतणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांशी भिडतात आणि तेथे कोणताही क्रम उरत नाही. मालवणच्या बंदराबाहेर पाण्याखाली खडक आहेत, त्यांची वाट स्थानिक मच्छीमारांकडून आधी समजून घ्यावी. जाळ्यांचे बोये दिसले की वळसा घालावा, कारण तळाखालचे सुकाणू दोरात अडकते. आणि किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल तर तिच्या बाहेरूनच जावे. तो त्या लोकांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, आपला खेळ त्यापुढे मोठा नाही.

वेंगुर्ल्याच्या बेटांचा बेत करायचा तेव्हा सोबत यांत्रिक होडी हवीच, आणि तिचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, हे पाणी जाणणारा हवा. नावा होडीवर लादून न्याव्यात आणि बेटाच्या आडोशाला पाण्यातच उतरावे, खडकांवर उतरण्याचा प्रयत्न करू नये. दुपारी दोनच्या सुमारास निघाल्यास वारा भरात मिळतो आणि सूर्यास्ताआधी भरपूर उजेड हाताशी राहतो. लाइफ जॅकेट, शिट्टी, जलरोधक पिशवीतला फोन आणि शक्य असल्यास हातातला व्हीएचएफ बिनतारी संच एवढे अंगावर असावे, नावेत बांधलेले नसावे. बंदर खाते आणि सागरी पोलीस यांना आधी कळवावे. मे महिन्याच्या उत्तरार्धात नैर्ऋत्येचा लांब फुगवटा वायव्येच्या लाटांना आडवा येऊ लागतो, म्हणून पहिला प्रयत्न मार्च किंवा एप्रिलमध्ये करणे श्रेयस्कर. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात समुद्र खवळलेला असतो आणि मदतीला धावून येतील अशा यांत्रिक होड्या बाहेर नसतात, तेव्हा त्या दोन महिन्यांत कर्लीच्या खाडीतच वल्हे मारण्याची लय पक्की करावी.