तरुण वयात हृदयाची झडप बदलताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय २७, रावपुरा, बडोदे. लहानपणी रुमॅटिक ताप (घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा, हृदयाच्या झडपा बिघडवणारा) येऊन गेला. आता मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) आकसली आहे आणि बरीच गळतेही. झडप बदलावी लागेल, पण यांत्रिक बसवायची की प्राण्याच्या ऊतीची ते तुम्ही ठरवा, असे सर्जन म्हणाले. पुढच्या वर्षी लग्न आहे आणि मूल हवे आहे. काय निवडावे?

उत्तर : आधी सर्जनांना विचारा, झडप वाचवता येईल का? नुसती आकसलेली, पाने लवचिक असलेली मायट्रल झडप मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन उघडता येते. तुमची बरीच गळते, म्हणून फुग्याचा उपाय बहुधा चालणार नाही. दुरुस्ती होईल का, याचा अंदाज अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर येतो. रुमॅटिक झडप जाड होते, तिच्यात चुना साठतो, त्यामुळे दुरुस्ती दर वेळी टिकतेच असे नाही.

बदलायचीच ठरली, तर यांत्रिक झडप सहसा झिजत नाही. मात्र तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा एसिनोकुमारॉलची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि मायट्रलच्या जागी आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, जितका जास्त तितके रक्त पातळ) साधारण २.५ ते ३.५ ठेवावा लागतो. गाय किंवा डुकराच्या ऊतीच्या झडपेला ही गोळी बहुतेकांना सुरुवातीचे ३ ते ६ महिनेच लागते. पण तरुण शरीरात ती लवकर कडक होते. वयस्कर माणसाला १५ वर्षे पुरणारी झडप तिशीच्या आत बसवली, तर १० वर्षांत किंवा त्याआधीही निकामी होऊ शकते.

नुसते वय पाहिले तर यांत्रिक झडपेकडे कल जातो. मूल हवे असेल तर हिशेब बदलतो. गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत वॉरफरिनमुळे बाळाच्या हाडांत आणि नाकाच्या घडणीत व्यंग येऊ शकते. रोजचा डोस ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर धोका वाढतो. रक्त पातळ करणारी हेपरिनची इंजेक्शने वारेतून बाळापर्यंत जात नाहीत, पण त्यांच्यावर असताना आईच्या झडपेवर गुठळी होण्याची भीती अधिक. यांत्रिक झडप असलेल्या स्त्रियांना मुले होतात, तरी तिची जोखीम मोठी आहे.

म्हणून आमचे मत असे : हृदयाचा ठोका नियमित असेल, तर तुम्ही ऊतीची झडप निवडावी आणि पुढे दुसरे ऑपरेशन होणार हे आजच मान्य करावे. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (अनियमित ठोका) असेल, तर रक्त पातळ करणारी गोळी तशीही लागते आणि या झडपेचा मुख्य फायदा उरत नाही. तेव्हा पुन्हा चर्चा करा. होणाऱ्या नवऱ्याला सोबत घेऊन हृदयरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ दोघांनाही लग्नाआधी भेटा. ही गोष्ट सासरी लपवून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पुढची काळजी त्याच घरात घ्यायची आहे.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. नवी झडप बसली तरी रुमॅटिक ताप पुन्हा येऊ नये म्हणून घेतले जाणारे पेनिसिलिन थांबवायचे नसते. दर ३ आठवड्यांचे १२ लाख युनिटचे इंजेक्शन हृदयाच्या उरलेल्या झडपांसाठी असते. रक्त पातळ असताना ते टोचायचे की गोळ्या घ्यायच्या, हे डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : वय २४, कारेलीबाग. महाधमनीची झडप जन्मतः दोन पानांची आहे, आता खूप गळते. दम लागत नाही, तरी ऑपरेशन सुचवले आहे. नवरात्र झाल्यावर केले तर? पुढे गरबा खेळता येईल का?

उत्तर : दम लागत नाही यावर विसंबू नका. गळतीमुळे डावा कप्पा ताणत जातो आणि तरुण हृदय ते वर्षानुवर्षे निमूट सोसते. तुमच्या इकोतले दोन आकडे पाहा. ईएफ (दर ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते) ५५ टक्के किंवा कमी असेल, किंवा आकुंचनाच्या शेवटी कप्पा ५० मिलिमीटरहून रुंद असेल, तर सणासाठी थांबू नये. स्नायू एकदा फार थकला की झडप बदलूनही तो पूर्ववत होईलच असे नाही.

तिसरा आकडा महाधमनीच्या रुंदीचा. दोन पानांच्या झडपेसोबत ही नळीही रुंदावलेली असू शकते. ती ४.५ सेंटिमीटर किंवा जास्त असेल, तर बहुधा त्याच ऑपरेशनात बदलतात. हे माप कळल्याशिवाय यंदा गरबा खेळू नका, जिममध्ये वजनेही उचलू नका. आईवडील आणि भावंडांचाही एकदा इको करून घ्या, कारण हा दोष कुटुंबात आढळतो.

ऑपरेशनपूर्वी दंतवैद्याकडे जाऊन किडलेले दात आणि हिरड्या नीट करून घ्या. तोंडातले जंतू नव्या झडपेवर बसले तर जिवावर बेतते. तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर श्वास ओढण्याचा सराव आधीपासून करा. छातीचे हाड तारांनी बांधतात आणि ते जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर २-३ किलोहून जड काही उचलायचे नाही, हातांवर जोर देऊन उठायचे नाही, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. दुचाकीला ३ महिने लागतात. हलताना हाडात कटकट जाणवली किंवा जखमेतून पाणी आले, तर त्याच दिवशी दाखवा. सगळे सुरळीत झाले, तर पुढच्या नवरात्रात गरबा खेळायला सहसा हरकत नसते.

प्रश्न : मुलाला (वय ३०) यांत्रिक महाधमनी झडप बसवली आहे. आयएनआर कधी १.६, तर कधी ४.५ येतो. पालेभाज्या पूर्ण बंद केल्या आहेत. आता पतंगांचे उत्तरायणही जवळ आले. — एक आई, दांडिया बाजार

उत्तर : पालेभाज्या बंद करू नका. मेथी, पालक, कोथिंबीर यांतले के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करते, म्हणून रोज साधारण सारखे प्रमाण हवे. हिवाळ्यात घरोघरी उंधियूं होते. हिरवा लसूण आणि मेथीची मुठिया पंधरा दिवस भरपूर पोटात गेली की आयएनआर उतरतो, डॉक्टर डोस वाढवतात. मग हंगाम सरतो आणि त्याच वाढीव डोसावर आयएनआर चढतो. उंधियूं खाऊ द्या, वाटी मात्र ठरलेली असू द्या. उपवासालाही हेच लागू.

गोळी संध्याकाळी ठरल्या वेळी द्या, म्हणजे सकाळी तपासलेल्या रक्ताचा रिपोर्ट पाहून त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. एसिनोकुमारॉल १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते. दुकानातून आणलेल्या पट्टीवरचा आकडा दर वेळी वाचा. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर द्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. तपासणी एकाच लॅबमध्ये करा, आकडा स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला. या झडपेला सहसा २ ते ३ हवा.

मेट्रोनिडाझोल, कोट्रायमोक्साझोल, फ्लुकोनाझोल या जंतू आणि बुरशीवरच्या औषधांनी आयएनआर झपाट्याने चढतो, क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनने उतरतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके नकोच. ४.५ आला आणि रक्तस्राव नसेल, तर परस्पर व्हिटॅमिन के टोचून घेऊ नका, त्याने झडपेवरच गुठळी होऊ शकते. डॉक्टरांना फोन करा. 'तपासणी न लागणाऱ्या' डॅबिगॅट्रानसारख्या गोळ्या यांत्रिक झडपेला चालत नाहीत. डॅबिगॅट्रानची अशा रुग्णांवरची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने अर्ध्यातच थांबवावी लागली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

मांज्याने कापले तर स्वच्छ कापड १५ मिनिटे मधे न उचलता दाबून धरा. स्कूटरला मांजा अडवणारी गळ्यासमोरची तार लावून घ्या. गच्चीवरून पडून डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी थेट रुग्णालयात न्या. झडपेची टिकटिक मंदावली, दम लागू लागला, बोलणे अडखळले, तरी तेच. ताप आला तर अँटिबायोटिकआधी ब्लड कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी) घ्यायला सांगा, नाहीतर झडपेचा जंतुसंसर्ग ओळखणे अवघड होते. दात काढायचा असेल, तर पेनिसिलिनची ॲलर्जी नसल्यास एक तास आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : देशी चित्रा झडप स्वस्त म्हणून कमी दर्जाची असते का? आणि आयुष्मान कार्डावर ऑपरेशन होते का? — मांडवी

उत्तर : नाही. ती तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत घडली आणि १९९० पासून बसवली जाते. एका तबकडीची यांत्रिक झडप आहे, गोळीचे नियम तेच. झडप बदलणे पीएमजेएवाय-मा (आयुष्मान कार्डाच्या सरकारी आरोग्य) योजनेत येते आणि गुजरातेत कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्ड दाखल होतानाच द्या, मंजुरी ऑपरेशनआधी लागते. घरी सोडताना झडपेची कंपनी, माप आणि क्रमांक लिहिलेले कार्ड मागून घ्या आणि खिशात ठेवा. एमआरआयच्या वेळी ते दाखवावे लागते.