कोपर दुखतंय म्हणतोय ना? आधी तिन्ही कोचचे आकडे एकाच कागदावर मांडा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. मुलगा 14 वर्षांचा, बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. शाळेचा संघ, शनिवार-रविवार क्लब, शिवाय खाजगी कोच, आणि आता हिवाळ्यात शोकेसला (कॉलेजचे कोच, स्काउट मुलांना बघायला येतात तो मेळावा) पाठवा म्हणतायत. ग्लोव्ह कुठला घ्यावा हेही विचारलंय. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता: "मॅचनंतर कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं, पण दोन दिवसांत थांबतं." मला त्या एकाच ओळीवर लिहायचंय. सहा वर्षांपूर्वी न्यू जर्सीत आमच्या घरात हेच वाक्य रोज ऐकू यायचं.

बर्फ, स्ट्रेचिंग, झोप वगैरे तुम्हाला माहीत असणारच. मी डॉक्टर नाही, कोचही नाही. बाप आहे, तेव्हा त्या हिशेबानेच वाचा.

आमचा मुलगा एके दिवशी डाव्या हाताने वरणभात खात होता. मी चेष्टा केली, "काय रे, डावखुरा झालास का?" तो हसला. बायको हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाथरूमच्या दारातून पाहिलं, तर दातही डाव्या हातानेच घासत होता.

मग फ्रिजवरचं कालनिर्णय काढलं आणि त्याच्याकडूनच एका आठवड्याचे आकडे चौकटीत लिहून घेतले. मंगळवारी शाळेची मॅच, 47 पिच (म्हणजे टाकलेले चेंडू). गुरुवारी खाजगी कोचकडे 25. शनिवारी क्लबकडून 68. रविवारी कॅचर, म्हणजे पिचरचा प्रत्येक चेंडू परत फेकायचा, तो कोणीच मोजत नाही. वॉर्मअपचेही कोणी धरत नाही.

मेजर लीग (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल संघटनेने 2014 मध्ये 'पिच स्मार्ट' नावाचे नियम काढले. 13-14 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 95 पिच. आमचा कुठल्याच दिवशी त्याच्या जवळपासही नव्हता, म्हणून मी निर्धास्त. पण खरी मेख विश्रांतीच्या रकान्यात आहे: 36 ते 50 पिच झाले की 2 दिवस, 66 किंवा जास्त झाले की 4 दिवस. म्हणजे मंगळवारनंतर गुरुवारी चेंडू हातातच घ्यायचा नव्हता, आणि शनिवारच्या 68 नंतर पुढचा मंगळवारही नाही. तिन्ही कोचच्या वहीत तो अगदी नियमात होता. शाळांना 2017 पासून पिच मोजणं बंधनकारक आहे, पण ते शाळेच्या मॅचपुरतं. बेरीज करणं माझं काम होतं आणि मी स्टँडमध्ये बसून व्हिडिओ काढत होतो.

पुढचा राग वेगळा. डॉक्टरांकडे नेलं, तर कोपराचा एक्स-रे "नॉर्मल" आला. अहो, एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) नाही! एमआरआयसाठी विमा कंपनीच्या कचेरीने (नाव घेत नाही) आधी सहा आठवडे फिजिओ करा म्हटलं, मग फॅक्स मिळालाच नाही म्हटलं, मग तोच फॅक्स चुकीच्या विभागात सापडला. प्रत्येक फोनला नवीन माणूस, नव्याने जन्मतारीख सांगा. फोनवर बोलणाऱ्या माणसाचं नाव, वेळ, संदर्भ क्रमांक पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. शेवटी निघालं काय, तर लिगामेंट अर्धवट फाटलेलं. ऑपरेशन टळलं, पण दहा महिने गेले.

कोणीतरी तुम्हाला सांगेलच, "टॉमी जॉन करून घ्या, वेग वाढतो." म्हणजे फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा टेंडन बसवायचं ऑपरेशन, ते पहिल्यांदा झालेल्या पिचरच्या नावाने ओळखलं जातं. माझं मत कडवट आहे, पण हे ऐकलं की डोकं फिरतं. स्वतः टॉमी जॉन 31 वर्षांचा होता, 1974 मध्ये. डॉ. फ्रँक जोब यांनी उजव्या हाताचा टेंडन काढून डाव्या कोपरात बसवला. 1975 चा अख्खा मोसम तो खेळला नाही, नंतर मात्र 1989 पर्यंत खेळला. 288 पैकी 164 विजय ऑपरेशननंतरचे. हे खरंच, पण तो पूर्ण वाढ झालेला, मुरलेला पिचर होता. 2007 ते 2011 दरम्यान अमेरिकेत झालेल्या या ऑपरेशनांपैकी अर्ध्याहून जास्त 15 ते 19 वयाच्या पोरांची होती.

शोकेसचं म्हणाल तर, मी यंदा तरी पाठवणार नाही. वर्षातले चार महिने मॅचमध्ये पिचिंग बंद, त्यात सलग दोन-तीन महिने फेकणंच बंद, असं त्याच नियमांत आहे. हिवाळा त्यासाठीच असतो. आणि 14 व्या वर्षी कुणी पाहिलं नाही म्हणून गाडी सुटत नाही. मेजर लीगचा नावाजलेला पिचर जेकब डीग्रॉम कॉलेजात शॉर्टस्टॉप (क्षेत्ररक्षक) होता, पिचिंगला उशिराच लागला, 2010 च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात तो) नवव्या फेरीत निवडला गेला. (त्याच्याही कोपराचं ऑपरेशन त्याच वर्षी झालं, ते वेगळं.) ड्राफ्ट आता 20 फेऱ्यांचाच आहे. निवड झाली तरी सिंगल-ए ला, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पातळीला, 2023 च्या करारानुसार त्या वर्षी किमान पगार 26,200 डॉलर होता. क्लबची फी भरताना हा आकडा डोळ्यांसमोर असू द्या. तुमच्या मुलाचं कसं जमेल ते मी सांगू शकत नाही. आमचा आता डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांची तिसरी पातळी) कॉलेजात मॅचच्या शेवटच्या दोन-तीन इनिंग पिचिंग करतो, तिथे खेळाची स्कॉलरशिप नसतेच, पण मजेत आहे. आमचे बाबा अजूनही व्हिडिओ कॉलवर विचारतात, "हा हात वाकवून टाकतो, अंपायर नो-बॉल कसा देत नाही?"

हो, ग्लोव्ह राहिला. 12 इंची घ्या, बंद जाळीचा, म्हणजे बॅटरला ग्रिप दिसत नाही. नवा कडक असतो, वापरलेला चांगला मिळाला तर तोच घ्या.