रिमांड होममधल्या मुलाला कधी जास्त जपायचं?

प्रश्न : सोळा वर्षांचा मुलगा चोरीच्या प्रकरणात निरीक्षणगृहात, म्हणजे रिमांड होममध्ये, आहे. शाळेत असताना त्यानं हातावर ब्लेड मारून घेतलं होतं. हे तिथं सांगितलं तर त्याच्यावर शिक्का बसेल का? – एक आई, जत

ताई, आजच सांगा. आधी स्वतःला इजा केलेली असणं हा पुढच्या धोक्याचा सर्वांत ठळक इशारा आहे. अधीक्षकांना आणि समुपदेशकाला ते माहीत नसेल, तर त्यांना तो नुसता अबोल मुलगा वाटेल. घरातली मारहाण, अत्याचार, नैराश्य, कुटुंबात कुणाची आत्महत्या, गांजा किंवा दारू, यांतलं काही असेल तर तेही लपवू नका. नशा अचानक तुटली की झोप उडते, जीव कासावीस होतो; तेव्हा डॉक्टर लागतो. शिक्षेची भीती मनात असेल, तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चं कलम 115 लक्षात ठेवा : आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता, असंच कायदा गृहीत धरतो.

प्रश्न : आमच्याकडचा एक मुलगा स्वतःला जखमा करून घेतो. सहकारी म्हणतात, नाटकं आहेत, वेगळ्या खोलीत ठेवा. – काळजीवाहक, सातारा

एकटं ठेवू नका. एकटेपणानं धोका वाढतो, आणि मुलाला ती शिक्षाच वाटते. ‘लक्ष वेधतोय’ म्हणता ना? मग त्याला लक्षच हवं आहे, ते द्या. रागावू नका, जखमेवर उपचार करा, मग शेजारी बसून सरळ विचारा : “जीव द्यावासा वाटतो का रे?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. ‘हो’ म्हणाला, तर त्याच्याजवळ कुणीतरी सतत हवं आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ.

मुलाच्या स्वभावापेक्षा मी दिवसांकडे जास्त बघतो. आल्यावरची पहिली रात्र आणि पहिला आठवडा. जामीन नामंजूर झाल्याची संध्याकाळ. तारीख पुढे ढकलली गेली तो दिवस. मोठ्या मुलांनी त्रास दिला, किंवा खोलीतल्या दुसऱ्यानं इजा करून घेतली, तो दिवस. अशा वेळी ड्यूटी बदलताना पुढच्या माणसाला लिहून द्या. तोंडी निरोप विसरला जातो.

प्रश्न : पुतण्या आत आहे. भाऊ गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) कामाला तमिळनाडूत असतो, वहिनी आजारी. भेटीला कुणी गेलं नाही तर इतकं काय बिघडतं? – विटा

बरंच बिघडतं. भेटीच्या दिवशी बाकीच्यांची माणसं येतात आणि आपलं कुणी येत नाही, हे त्या वयात फार लागतं. ऊसतोडीच्या हंगामात आईबाप फडावर असलेल्या मुलांचंही हेच होतं. तुम्ही चुलते आहात, तुम्ही जा. भावाशी फोनवर बोलणं करून देता येईल का, हे परिवीक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसरना) विचारा. जमणार नसेल तर मात्र ‘रविवारी येतो’ असा शब्द देऊ नका. घरच्यांनाही ताण असह्य झाला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

प्रश्न : आमच्या मुलाला मोठ्यांच्या तुरुंगात टाकतील का? – सांगली

बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार अठराखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. 24 तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. गुन्हा अजामीनपात्र असला, तरी मुलाला जामीन देणं हाच नियम आहे. नाकारला तर मंडळाला कारणं नोंदवावी लागतात. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मिळतो, क्रमांक 15100. पुढच्या तारखेआधीच फोन करा.