आता सोडून काय फायदा?

बिडी-सिगारेट सोडण्यासाठी माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पन्नाशी-साठीच्या पुरुषांची शंका थोड्याफार फरकाने एकच असते: इतकी वर्षे ओढली, व्हायचे ते नुकसान होऊन गेले, मग आता सोडून काय उपयोग? अमळनेर, चोपडा, पारोळा या पट्ट्यात ती इतक्यांदा ऐकली आहे की तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

चोपडा तालुक्यातील एक केळी उत्पादक, त्यांना आपण आबा म्हणू, मुलाच्या आग्रहाने आले होते. विशीपासून रोजचे एक बंडल. मोटर चालू करायला विहिरीपर्यंत गेले तरी दम लागत असे. डॉक्टरांनी तपासणीनंतर क्षयरोग नसल्याचे, मात्र श्वासनळ्या आकसल्याचे सांगितले होते.

"आते सोडीसन काय फायदा शे, ताई?" खुर्चीत बसता बसताच त्यांनी विचारले.

मी लगेच उत्तर दिले नाही. माझी बैठक मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे. माणसाला त्रास देणारी किंवा सवलत देणारी वाक्ये तो स्वतःशीच बोलत असतो आणि ती तपासता येतात, यावर माझा विश्वास आहे. म्हणून मी एवढेच सांगितले, "आबा, हे वाक्य दिवसभरात नेमके कधी मनात येते, तेवढे बघून या."

पुढच्या भेटीत ते काहीसे ओशाळून म्हणाले, "बिडी हातात घेतली की येते."

"आणि रात्री दम लागून उठून बसता, तेव्हा?"

बराच वेळ ते टोपीची घडी घालत आणि उलगडत राहिले. "तेव्हा नाही येत. तेव्हा वाटते, दहा वर्षांपूर्वी सोडली असती तर बरे झाले असते."

म्हणजे सोडण्याचा फायदा आबांना ठाऊकच होता. तो नाकारणारे वाक्य केवळ बिडी पेटवण्यापुरते कामाला येत होते. धोक्यांवरील तासाभराच्या व्याख्यानाने जे साधत नाही ते अशा एका प्रश्नाने साधते, हा माझा अनुभव आहे आणि त्याचे मला थोडे समाधानही आहे.

त्यानंतरच मी आकडे काढले. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून 2004 मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार तिशीत धूम्रपान सोडणाऱ्याचे आयुष्य सुमारे 10 वर्षांनी वाढते, पन्नाशीत सोडणाऱ्याचे 6 आणि साठीत सोडणाऱ्याचेही सुमारे 3 वर्षांनी. हृदयविकाराचा वाढलेला धोका वर्षभरात जवळपास निम्मा होतो. फुप्फुसांची गेलेली क्षमता मात्र पूर्णपणे परत येत नाही, तिची घसरण मंदावते. हे मी आबांपासून लपवले नाही. ते म्हणाले, "करपा रोग पडलेली केळीची पानं परत हिरवी होत नाहीत, ती कापून राहिलेल्या पानांवर घड पोसायचा." मला याहून चांगले सांगता आले नसते.

"मग दोन-चारच ओढल्या तर?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. रोजच्या एका सिगारेटनेही हृदयाचा धोका बराच वाढतो. बिडीची गोष्ट तर आणखी वाईट, कारण टेंभुर्णीचे पान सहज विझते; ती पेटती ठेवण्यासाठी झुरके अधिक आणि खोल घ्यावे लागतात.

सोडल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड जातात. चिडचिड, झोपमोड, पोट साफ न होणे ही लक्षणे बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तलफेची लाट काही मिनिटांची असते. तेवढा वेळ आबा बागेत चक्कर मारत. निकोटिनचे च्युइंगम डॉक्टरांना विचारून घ्यावे, पण चहासोबत नको, कारण त्याने निकोटिन नीट शोषले जात नाही.

तिसऱ्या आठवड्यात आबांचा तक्रारीचा फोन आला: बिडी सुटली आणि खोकला वाढला! धुराने मंदावलेले श्वासनलिकेतील सूक्ष्म केस पुन्हा हलू लागले की साचलेला कफ सुटतो, त्यामुळे काही आठवडे असे होऊ शकते, हे त्यांना समजावले. अशा वेळी "बघा, सोडून काय फायदा" म्हणत पुन्हा बंडल आणणारे अनेक असतात. खोकल्यातून रक्त पडले, वजन घटले किंवा खोकला लांबतच गेला, तर मात्र डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. समुपदेशकापर्यंत पोहोचणे शक्य नसल्यास 1800-11-2356 ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनाशुल्क आहे.