मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये रक्तवाहिन्या रोखणारी गोळी एकाला लागू पडते, दुसऱ्याला का नाही?

आधी बायॉप्सीच्या रिपोर्टवर गाठीचा प्रकार बघा. बरंचसं उत्तर तिथेच असतं.

साधारण 75 टक्के गाठी 'क्लिअर सेल' प्रकारच्या असतात. त्यांच्या पेशींत चरबी आणि ग्लायकोजेन भरलेलं असतं. स्लाइड तयार करताना ते विरघळतं, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रिकाम्या दिसतात. यातल्या बहुतेकांत व्हीएचएल जनुक निकामी झालेलं असतं. त्याचं काम एचआयएफ नावाच्या, ऑक्सिजन कमी पडल्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनाची विल्हेवाट लावणं. ते थांबलं की ऑक्सिजन मुबलक असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवण्याचा संदेश देणारं प्रथिन सोडून नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. सुनिटिनिब, पाझोपानिब, ॲक्सिटिनिब या गोळ्या नेमका हाच संदेश अडवतात, म्हणून इथे त्यांचा गुण जास्त येतो.

पॅपिलरी या दुसऱ्या प्रकारची गाठ या संदेशावर तितकी अवलंबून नसते. तिथे अनेकदा मेट जनुक जोर करतं. मेटलाही अडवणाऱ्या कॅबोझँटिनिबने 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार सरासरी 9 महिने थोपवला, सुनिटिनिबने 5.6 महिने.

क्लिअर सेलमध्येही कालांतराने गाठ दुसरे मार्ग शोधते आणि गोळी निष्प्रभ होते. रिपोर्टवर 'सार्कोमॅटॉइड' (पेशींचं जास्त आक्रमक रूप) शब्द असेल तर एकट्या या गोळ्यांवर विसंबू नये; तिथे इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध वापरणाऱ्या औषधांबद्दल, डॉक्टरांशी जरूर बोला.

आणि स्कॅनवर गाठ तेवढीच दिसली म्हणून लगेच खचू नका. कधीकधी आकार तोच राहतो, पण आतला भाग मरून काळसर दिसतो. तोही औषधाचाच परिणाम असू शकतो. रेडिओलॉजिस्टना हे मुद्दाम विचारा.